स्पॅम कशाला म्हणावे?



१५ ऑगस्ट हा आपल्यासाठी दुहेरी आनंदाचा दिवस. देशाचा स्वातंत्र्यदिन आणि पवित्र मरीयेच्या स्वर्गोन्नयनाचा सण एकाच तारखेला येतात. काही वर्षांपूर्वी या दिवशी आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षकांचे पहाटे निधन झाले. अंत्यविधी त्याच दिवशी दुपारी चार वाजता ठरला. सकाळी पावणेदहाच्या सुमारास त्यांच्या पुतण्याने धर्मग्रामाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तशी सूचना टाकली. गटात त्या वेळी अडीचशेच्या आसपास सभासद होते. सूचना टाकली, म्हणजे सर्वांना कळली, असे त्या घरच्या मंडळींना साहजिकच वाटले.

प्रत्यक्षात पुढील दोन तासांत त्या सूचनेवर तिरंगी झेंड्यांची, मरीयामातेच्या चित्रांची, देशभक्तिपर गीतांच्या चित्रफितींची आणि 'सणाच्या हार्दिक शुभेच्छा' या शब्दांची एवढी रास पडली की ती वर कोठे तरी दडून गेली. सरांचे कितीतरी माजी विद्यार्थी दुपारी घरीच होते. हातात मोबाईल होता, गट उघडलेला होता. त्यांना सर गेल्याचे कळले ते संध्याकाळी, दफनविधी उरकल्यानंतर. त्यांपैकी एक गृहस्थ दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर आम्हाला भेटले. ते फार काही बोलले नाहीत. "सरांनी मला फी भरायला पैसे दिले होते," एवढेच म्हणाले.

पुढच्या सभेत हा विषय निघाला. एका तरुणाने उठून सांगितले, की गटावर स्पॅम फार होतो, तो बंद करावा. त्यावर एक ज्येष्ठ भगिनी दुखावल्या. त्या रोज सकाळी न चुकता बायबलमधील एक वचन गटावर पाठवीत असत. "देवाचे वचन स्पॅम कसे होईल? स्पॅम म्हणजे जाहिराती, लॉटरीची खोटी पत्रे. मी तर चांगलेच पाठवते ना?" असा त्यांचा सवाल होता. सभेत कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. आम्हालाही नाही. या लेखाचे निमित्त तो प्रश्न आहे. तो वाटतो तितका नवा नाही. इंटरनेटवरील चर्चागटांना तीन दशकांपूर्वी अगदी हाच प्रश्न पडला होता आणि तोही एका धार्मिक संदेशामुळेच.

डबाबंद मांस आणि विनोदी नाटुकले

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. 'स्पॅम' हे मुळात अमेरिकेतील हॉर्मेल या कंपनीने १९३७ साली बाजारात आणलेल्या डबाबंद डुकराच्या मांसाचे नाव. डिसेंबर १९७० मध्ये ब्रिटिश दूरदर्शनवर 'मॉन्टी पायथन' या विनोदी मंडळीचे एक नाटुकले झाले. त्यात एका खाणावळीत जोडपे शिरते. तेथील प्रत्येक पदार्थात स्पॅम असतो. अंडी आणि स्पॅम, अंडी, सॉसेज आणि स्पॅम, स्पॅम, स्पॅम आणि स्पॅम. बाईंना स्पॅमशिवायचे काही तरी हवे असते. पण बाजूच्या टेबलावर बसलेले व्हायकिंग 'स्पॅम स्पॅम' असे गाणे गाऊ लागतात आणि त्या गोंगाटात बाकीचे बोलणे ऐकूच येईनासे होते.

हा विनोद येथे मुद्दाम सांगितला आहे. व्हायकिंग काही वाईट बोलत नव्हते, कोणाला फसवीतही नव्हते. ते एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि त्यामुळे दुसऱ्याचा आवाज बुडत होता. संगणकाच्या जगाने हा शब्द उचलला तो एवढ्याच साम्यावरून.

चावडीचे नियम

आजच्या तरुण वाचकांना 'यूझनेट' हे नाव कदाचित ठाऊक नसेल. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ साली त्याची कल्पना मांडली आणि १९८० मध्ये ते सुरू झाले. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप तर सोडाच, आज आपण ज्याला वेब म्हणतो तेही तेव्हा जन्मले नव्हते. यूझनेटवर हजारो चर्चागट होते. विज्ञानाचे वेगळे, संगणकाचे वेगळे, पाककृतींचे वेगळे. परदेशी राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' असाही एक गट होता. ख्रिस्ती धर्मावरील चर्चेसाठी 'सॉक.रिलिजन.ख्रिश्चन' होता आणि त्यातील प्रत्येक संदेश नियंत्रकाच्या नजरेखालून जाऊन मगच प्रसिद्ध होत असे.

यूझनेटचा कोणी मालक नव्हता. जगभरातील विद्यापीठे, कंपन्या आणि संस्था आपापल्या संगणकावर या संदेशांची प्रत ठेवीत आणि पुढच्या संगणकाला देत. म्हणजे एकाने फुकट लिहिलेला मजकूर हजारो ठिकाणी साठविला जाई आणि त्या साठवणीचा व वहनाचा खर्च दुसरेच लोक सोशीत. वाचणाराही अनेकदा दूरध्वनीचे मीटर चालू ठेवून वाचत असे. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळी मोडेमचा तो किरकिर आवाज ऐकत, फोनच्या बिलाची धास्ती घेत ज्यांनी ई-मेल उतरवून घेतल्या असतील, त्यांना नको असलेल्या संदेशाची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

३१ मार्च १९९३ रोजी रिचर्ड डेप्यू नावाच्या गृहस्थांनी एक संगणकीय आज्ञावली चालविली. निनावी संदेश काढून टाकून गट स्वच्छ ठेवावेत, असा त्यांचा हेतू होता. पण आज्ञावलीत चूक राहिली. ती स्वतःच टाकलेल्या संदेशाला प्रत्युत्तर देऊ लागली, मग त्या प्रत्युत्तराला प्रत्युत्तर, आणि असे करता करता एकाच गटात सुमारे दोनशे संदेश जमा झाले. जोएल फर यांनी या प्रकाराला 'स्पॅम' म्हटले. संगणकावरील सामूहिक खेळ खेळणाऱ्यांमध्ये हा शब्द आधीपासून होताच. चर्चागटांत तो रुळला तो येथून. चर्चागटांत ज्यांच्या संदेशांना प्रथम हे नाव मिळाले ते गृहस्थ साफसफाई करायला निघाले होते, हे आम्हाला नेहमीच विशेष वाटत आले आहे.

'येशू लवकरच येत आहे'

आता त्या ज्येष्ठ भगिनींच्या प्रश्नाकडे येऊ.

१८ जानेवारी १९९४ रोजी यूझनेटवरील जवळजवळ प्रत्येक गटात एकच संदेश झळकला. त्याचे शीर्षक 'सर्वांना जागतिक इशारा : येशू लवकरच येत आहे' अशा आशयाचे होते. आदल्याच दिवशी लॉस एंजेलिसला मोठा भूकंप झाला होता. त्याचा, युगोस्लाव्हियातील युद्धाचा आणि ऑस्ट्रेलियातील वणव्यांचा दाखला देऊन जगाचा अंत जवळ आल्याचे त्यात सांगितले होते. संदेश पाठविणारी व्यक्ती अँड्र्यूज विद्यापीठ या अमेरिकेतील सेव्हंथ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या विद्यापीठात संगणक व्यवस्थेचे काम पाहत होती. साऱ्या गटांवर पसरलेला पहिला मोठा स्पॅम म्हणून याच संदेशाची नोंद सहसा केली जाते.

त्यात विकायचे काही नव्हते. पैसे मागितलेले नव्हते. पाठविणाऱ्याची श्रद्धा खोटी होती, असे म्हणायलाही काही आधार नाही. किंबहुना प्रभूच्या पुनरागमनावर आपलाही विश्वास आहे. दर रविवारी विश्वासांगीकारात आपण तो बोलून दाखवितो. मग बिघडले काय?

बिघडले ते असे. हा संदेश प्रत्येक गटात स्वतंत्रपणे, वेगवेगळा टाकलेला होता. वीस गटांचा सभासद असलेल्या माणसाला तो वीस वेळा दिसला. संगणकाच्या भाषांवर चर्चा करणाऱ्यांना दिसला, बागकामावर बोलणाऱ्यांना दिसला, आणि जेथे ख्रिस्ती माणसेच धर्मचर्चा करीत होती, तेथे ज्यांना तो मुळीच नवीन नव्हता त्यांनाही दिसला. पाठविणाऱ्याने कोणाचे म्हणणे ऐकले नव्हते, कोणत्या गटात काय चालले आहे ते पाहिले नव्हते. ज्याला उत्तर अपेक्षित नाही, जो समोरच्याला ओळखतही नाही, असा तो आवाज होता. लोक चिडले ते त्या आवाजावर, पण चिडले मात्र संदेशातील नावावर. सुवार्ता सांगणाऱ्याला याहून मोठा तोटा कोणता?

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेश इंटरनेटवरच दिला होता. त्यात त्यांनी इंटरनेटची तुलना प्राचीन रोममधील सार्वजनिक चौकाशी केली. राजकारण, व्यापार, धर्मकार्य सारे तेथे चालत असे आणि माणसाचे चांगले-वाईट दोन्ही रूप तेथे दिसत असे. चौकात उभे राहून बोलण्यास कोणाची ना नाही. मात्र प्रत्येक दुकानात शिरून, प्रत्येकाचे बोलणे तोडून, तेच वाक्य हजार वेळा म्हणणारा माणूस चौकात बोलतो आहे, असे आपण म्हणणार नाही.

याच्या तीन महिन्यांनंतर, १२ एप्रिल १९९४ रोजी, अ‍ॅरिझोना राज्यातील लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील पती-पत्नींनी तेच तंत्र पैशासाठी वापरले. अमेरिकेत स्थायिक होण्याचा परवाना सोडतीने देण्याची जी 'ग्रीन कार्ड लॉटरी' आहे, तिचे अर्ज भरून देण्याची जाहिरात त्यांनी साडेपाच हजारांहून अधिक गटांत टाकली. या सोडतीत भाग घेण्यास वकील लागतच नाही. (आणि ज्या देशांतून आधीच पुष्कळ लोक अमेरिकेत जातात त्यांना ही सोडत लागू होत नाही, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांना सहसा तिचा उपयोग नाही. आजही आपल्या मुलामुलींना 'तुमची ग्रीन कार्ड सोडतीत निवड झाली' अशी पत्रे येतात, तेव्हा एवढे एक लक्षात ठेवलेले बरे.) त्या जोडप्याला इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीकडे तक्रारींचा असा पूर लोटला की तिचा टपाल-संगणक वारंवार बंद पडला आणि कंपनीने त्यांचे खाते बंद केले. त्यांना मात्र पश्चात्ताप झाला नाही. आपल्याला यातून हजार ग्राहक आणि एक लाख डॉलर मिळाले असा त्यांचा दावा होता आणि अशाच रीतीने पैसा कसा करावा यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. कँटर यांची वकिलीची सनद टेनेसी राज्याने १९९७ साली रद्द केली.

मोजणीचे सूत्र

आता यूझनेटच्या व्यवस्थापकांपुढे कठीण प्रश्न उभा राहिला. संदेश काढून टाकण्याची तांत्रिक सोय होती. नॉर्वेतील आर्न्ट गुल्ब्रान्सेन या तरुणाने त्या वकिलांचे संदेश आपोआप रद्द करणारी आज्ञावली लिहून ती वापरलीही. पण कोणाचा संदेश काढायचा हे कोणी ठरवायचे? आज जाहिरात काढली, उद्या धर्मप्रचार काढा, परवा सरकारवर टीका करणारे लेखन काढा, असे झाले तर? वाणीस्वातंत्र्याच्या नावाखाली स्पॅमचे समर्थन करणारेही त्या काळी थोडे नव्हते.

त्यातून जो तोडगा निघाला तो आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो. व्यवस्थापकांनी ठरविले की संदेशात काय लिहिले आहे, ते पाहायचेच नाही. तो किती ठिकाणी टाकला आहे, एवढेच मोजायचे. यासाठी सेथ ब्राइडबार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक वापरात आला. त्याचे गणित शाळेतील मुलांनाही जमेल असे आहे.

एकच संदेश अनेक गटांत दोन प्रकारे देता येत असे. पहिल्या प्रकारात एकाच संदेशावर अनेक गटांची नावे लिहायची. अशा वेळी संगणकावर एकच प्रत साठते आणि वाचकाने ती एका गटात वाचली की दुसऱ्या गटात सहसा पुन्हा दिसत नाही. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक गटासाठी वेगळी प्रत टाकायची. हा दुसरा प्रकार अधिक उपद्रवी, कारण तो पुन्हा पुन्हा समोर येतो. म्हणून सूत्र असे केले : प्रत्येक प्रत किती गटांना दिली ते पाहा, त्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि सर्व प्रतींच्या वर्गमुळांची बेरीज करा. पंचेचाळीस दिवसांत ही बेरीज २० किंवा अधिक झाली, की तो संदेश स्पॅम समजून रद्द करण्यास हरकत नाही.

उदाहरण घेऊ. एका संदेशावर नऊ गटांची नावे लिहून तो एकदाच पाठविला तर नऊचे वर्गमूळ ३, म्हणजे निर्देशांक ३. तोच संदेश नऊ गटांत नऊ वेळा वेगवेगळा टाकला तर निर्देशांक ९. वीस गटांत वीस वेळा टाकला, की मर्यादा गाठली. दहा प्रती काढल्या आणि प्रत्येक प्रत चार गटांना दिली, तरी दहा दुणे वीस. संदेश शब्दशः तोच असण्याची गरज नाही. वरवर बदल करून आशय तोच ठेवला, तरी तो एकच धरला जाई.

या व्याख्येमुळे कितीतरी गोष्टी आपोआप वेगळ्या झाल्या. एखाद्याने चुकीच्या गटात एकच जाहिरात टाकली, तर ती विषयबाह्य असेल, त्रासदायकही असेल, पण स्पॅम नव्हे. एखाद्याने शिवीगाळ केली, तर ती शिवीगाळ आहे, स्पॅम नव्हे. एखाद्याचे मत आपल्याला पटले नाही, तर तेही स्पॅम नव्हे. आजकाल नको असलेल्या कोणत्याही बोलण्याला 'स्पॅम' म्हणून हिणविण्याची पद्धत पडली आहे. सभेतील त्या तरुणाने तेच केले. त्यात अन्याय आहे, कारण मग हा शब्द दुसऱ्याला गप्प बसविण्याचे हत्यार होतो. विषयबाह्य लिखाणाचे काय करायचे हे त्या त्या गटाने आपल्या नियमांनुसार ठरवावे; खरेदी-विक्रीच्या गटात जुन्या सायकलीची जाहिरात योग्यच असते, संतांच्या चरित्रावरील गटात नसते.

मर्यादा न पाळणाऱ्या मोठ्या संस्थांनाही यूझनेटने सोडले नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये यूयूनेट या बड्या कंपनीकडून येणारे सर्वच संदेश काही दिवस रद्द करण्यात आले. कंपनीने स्पॅम रोखण्याची व्यवस्था केल्यावर हा बहिष्कार उठला. कोणताही कायदा नसताना, केवळ शेजारधर्माच्या बळावर हे घडले.

सूत्रातून निसटणारे

अर्थात प्रत्येक उपद्रव गणितात बसत नाही. १९९४ च्या सुरुवातीला 'सरदार अर्गिच' या नावाने यूझनेटवर एक चमत्कारिक प्रकार चालला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तुर्कस्तानात आर्मेनियन ख्रिस्ती लोकांचा जो संहार झाला, तो नाकारणारे आणि उलट आर्मेनियनांनाच मारेकरी ठरविणारे लेखन या नावाने होत असे. ज्या संदेशात 'टर्की' हा शब्द येई, त्याला आपोआप असे लांबलचक उत्तर मिळे. इंग्रजीत टर्की हे तुर्कस्तानचेही नाव आणि सणाला भाजतात त्या पक्ष्याचेही. त्यामुळे टर्की कशी भाजावी असे विचारणाऱ्यांनाही आर्मेनियाचा उलटा इतिहास ऐकावा लागला! त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये हे लेखन अचानक थांबले. मजकूर थोडाफार बदलत होता, गट बदलत होते; पण पलीकडे माणूस ऐकत नाही, यंत्र बोलते आहे, हे कोणालाही कळत होते.

दुसरा निसटणारा प्रकार साखळीपत्रांचा. 'मेक मनी फास्ट' या नावाचे पत्र १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून फिरत होते. यादीतील लोकांना एकेक डॉलर पाठवा, आपले नाव यादीत घाला आणि पत्र पुढे ढकला. येथे एकच माणूस हजार प्रती टाकीत नाही. हजार माणसे एकेक प्रत टाकतात. प्रत्येकाला वाटते, मी तर एकदाच पाठविले. अखेर व्यवस्थापकांनी सर्वांची मिळून एकच मोजणी धरली आणि हे पत्र दिसताक्षणी काढून टाकण्यास सुरुवात केली.

आमच्या लहानपणी अशीच पोस्टकार्डे घरी येत. अमुक संताची ही प्रार्थना इतक्या जणांना लिहून पाठवा, पाठविली तर सात दिवसांत शुभवार्ता, न पाठविली तर संकट. आमच्या आजीने असे एक कार्ड चुलीत घातले आणि त्यानंतर ती कित्येक वर्षे ठणठणीत होती. आज कार्डाची जागा मोबाईलने घेतली आहे, भीती तीच आहे. प्रार्थनेला धमकीची जोड देणे ही अंधश्रद्धा होय, मग त्या प्रार्थनेखाली कोणाचेही नाव असो. येथे मोजणी करण्याचीही आवश्यकता नाही.

महाराष्ट्रातील एक दुःखद दिवस

संख्येची मर्यादा घालण्याची ती जुनी कल्पना आपल्या दारी आली, ती मात्र फार मोठी किंमत मोजल्यावर. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. मोबाईलवरून फिरणाऱ्या अफवांनी त्या दिवसांत देशाच्या अनेक भागांत असे बळी घेतले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही, असे बंधन घातले. जानेवारी २०१९ मध्ये ते जगभर लागू झाले. एप्रिल २०२० पासून, जो संदेश आधीच अनेक हातांतून पुढे आलेला आहे, तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो.

अफवा आणि स्पॅम एक नव्हेत, हे उघड आहे. अफवेत असत्य असते. स्पॅममध्ये पूर्ण सत्यही असू शकते. तरी उपाय मात्र एकाच घराण्यातला आहे. येथेही कंपनी संदेश वाचून खरे-खोटे ठरवीत नाही. पुढे ढकलण्याचा वेग तेवढा कमी करते. मूळ लिहिणाऱ्याला त्रास नाही, एखाद्याला मनापासून काही सांगायचे असेल तर त्यालाही नाही. विचार न करता बोट दाबणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी थांबावे लागते.

सभेचे उरलेले काम

आम्ही हे सारे पुढच्या सभेत थोडक्यात सांगितले. एक हिशेबही मांडला. एक चित्र पाहून बाजूला सारण्यास पाच सेकंद लागतात असे धरले, तरी अडीचशे लोकांची मिळून जवळजवळ एकवीस मिनिटे जातात. पाठविणाऱ्याला मात्र दोन सेकंदच लागलेले असतात. हिशेब ऐकून एक काका म्हणाले, "एकवीस मिनिटांत माझी अर्धी रोझरी होते." सगळे हसले, त्या भगिनीही हसल्या.

त्यांना आम्ही जे सांगितले ते असे. देवाचे वचन स्पॅम नव्हे. आपण दिवसातून एक वचन आपल्या एका गटावर पाठविता, तेही स्पॅम नव्हे. कोणत्याही सूत्राने नव्हे. मात्र तेच वचन धर्मग्रामाच्या गटावर, लघुख्रिस्ती समूहाच्या गटावर, महिला मंडळाच्या, गायकवृंदाच्या आणि सोसायटीच्या गटावर गेले, तर या पाचही गटांत असलेल्या माणसाला ते पाच वेळा मिळते आणि पाचव्या वेळी तो ते वाचत नाही. भगिनींनी थोडा विचार केला आणि विचारले, "मग कोणत्या गटावर पाठवू?" त्यांचा हा प्रश्न आम्हाला साऱ्या चर्चेत सर्वांत मोलाचा वाटला. पाठवू की नको, असे त्यांनी विचारले नाही. कोणाला पाठवू, असे विचारले.

सभेत दोन गट करण्याचे ठरले. एक सूचनांचा. त्यात केवळ फादर आणि चार जबाबदार व्यक्तीच लिहू शकतात. निधन, अंत्यविधी, रक्ताची तातडीची गरज, मिस्साच्या वेळेतील बदल एवढेच तेथे येते. दुसरा मोकळा गट. तेथे शुभेच्छा, वचने, वाढदिवस, कोणाच्या शेतातील भाजी विक्रीस आहे, सारे चालते. ज्याला नको असेल त्याने दुसऱ्या गटातून खुशाल बाहेर पडावे, कोणी रागवायचे नाही. जाहिरात आठवड्यातून एकदाच. साखळीसंदेश दोन्हीकडे बंद. नियमांवर बरीच खडाजंगी झाली. शुभप्रभातची चित्रे पूर्णपणे बंद करावीत, असा काही तरुणांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले की त्यांचा मुलगा आखाती देशात असतो, आणि सकाळी बाबांचे चित्र आले म्हणजे बाबा बरे आहेत, असे तो समजतो. यावर कोणाजवळच उत्तर नव्हते. असे चित्र मुलाला थेट पाठवावे, एवढे मात्र त्यांनी हसत मान्य केले.

यूझनेटचे पुढे काय झाले, असे काही जणांनी विचारले. ते अजून आहे, पण विझत आलेले. त्यावरील जुन्या लेखनाचा संग्रह गूगलने २००१ साली ताब्यात घेतला होता आणि आपल्या संकेतस्थळावरून लोकांना तेथे लिहू दिले होते. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने तेथील नवे लेखन घेणे व दाखविणे बंद केले. कारणांमध्ये स्पॅमचा उल्लेख होता. ज्या चावडीने स्पॅमला नाव दिले, मोजायला शिकविले, तेथील बहुतेक माणसे त्याच गोंगाटाला कंटाळून आधीच उठून गेली होती.

आमच्या सूचनागटावर गेल्या महिनाभरात अकरा संदेश आले. त्यांत दोन निधनाचे होते. दोन्ही वेळी अंत्ययात्रेला माणसे होती. त्या भगिनींचे वचन रोज सकाळी सहा वाजता मोकळ्या गटावर येते आणि पुष्कळजण त्याला 'आमेन' लिहितात. हे 'आमेन' एकत्र मोजले तर काय होईल, हा प्रश्न तूर्त आम्ही सभेत काढलेला नाही.